बोटे माझी, टक्केवारी वकिलांची

मा. कामगार मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

2021 मध्ये पॉवर प्रेसवर (पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रावर) माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली, तेव्हा माझे वय 35 आणि पगार 12,000 रुपये होता. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या अनुसूचीत तीन बोटांचे मोल 30 टक्के कमाईक्षमता असे ठरलेले असल्यामुळे हिशेब सरळ होता : पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणक 197.06, त्याचे 30 टक्के, म्हणजे 4,25,649 रुपये. एवढ्या गुणाकाराला त्या कायद्याचे कलम 25-अ तीन महिने देत होते. आपल्या यंत्रणेला चार वर्षे लागली.

परवा 12 टक्के व्याजासह 6,29,960 रुपये खात्यावर आले आणि त्याच दिवशी त्यांतले 1,57,490 रुपये वकीलसाहेबांकडे गेले, कारण पहिल्याच भेटीत त्यांनी 'चार आणे' ठरवून माझ्याकडून कोऱ्या धनादेशावर सही घेतली होती. सही डाव्या हाताची होती, पण बँकेने ती बिनबोभाट मान्य केली. उशिराबद्दल मिळालेल्या व्याजाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग असा वकिलाच्या फीतच जिरला. पावती मागितली, तेव्हा ते हसले; निकालावर टक्केवारी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, हे मला फार उशिरा कळले. भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांनी त्याच कायद्याच्या कलम 26 खाली मला खर्च मंजूर केला तो 5,000 रुपये. एवढ्यात माझे तारखांचे एसटीभाडेही निघाले नाही.

त्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे या रकमेवर सावकाराला जप्ती आणता येत नव्हती. कायदा बनवणाऱ्यांना सावकार दिसला, वकील दिसला नाही, असे म्हणावे काय? औद्योगिक कामगाराला 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो म्हणे; परंतु अर्ज घेणाऱ्या खिडकीपासून रुग्णालयापर्यंत एकाही माणसाने मला हे सांगितले नाही, आणि आपल्या खात्याच्या भिंतींवर जागा असते ती फक्त योजनांच्या हसऱ्या छायाचित्रांना. मालकाच्या विमा कंपनीचा वकील मात्र प्रत्येक तारखेला हजर होता, मुदत मागायला.

माझे पैसे परत येणार नाहीत, हे मी जाणतो. पण 1923 च्या कायद्याची जागा आता घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या नियमांत दोन ओळी घालाव्यात : वकिलाची फी भरपाई मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवावी आणि ती मालकाकडून वेगळी वसूल करावी, आणि मोफत वकिलाची माहिती दाव्याच्या अर्जावरच, पहिल्या पानावर, मराठीत छापावी. छपाईचा खर्च जड वाटत असल्यास माझ्या 5,000 रुपयांतून वळता करून घ्यावा.

आपला,
एक माजी प्रेस ऑपरेटर
(सही डाव्या हाताची आहे)