गोरेपणाची ट्यूब चिठ्ठीशिवाय विकू देऊ नका: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की नागपुरात लगीनसराई सुरू होते, आणि गोरे करणाऱ्या क्रीमची विचारणाही वाढते. बायोडाटात 'रंग : गोरा' लिहिता यावे म्हणून मुली जी ट्यूब मागतात, तिच्यात बहुतेकदा हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के असते. हे वांगाचे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फक्त डागांवर, मोजके आठवडे लावायचे. प्रत्यक्षात ते पूर्ण चेहऱ्यावर महिनोन् महिने चोपडले जाते.

यातले मोमेटासोन स्टिरॉइड आहे. ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून थोड्याच दिवसांत चेहरा उजळ वाटतो आणि तिथेच विश्वास बसतो. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे उमटते, मुरमे येतात, लव वाढते. असा चेहरा घेऊन नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात निघाले की आग आग होते.

खरी अडचण सोडताना येते. क्रीम एकदम बंद केली की चेहरा लाल होतो, सुजतो, पूर्वीपेक्षा काळवंडल्यासारखा दिसतो. 'बघ, लावत होतीस तेव्हा किती छान दिसत होतीस' हे घरातले एक वाक्य मुलीला पुन्हा ट्यूबकडे नेते. स्टिरॉइड हळूहळू कमी करत नेणे, साधे मॉइश्चरायझर, सनस्क्रीन एवढ्याने बहुतेक चेहरे काही महिन्यांत सावरतात. पण त्या महिन्यांत तिला धीर देणारे माणूस लागते. सावळ्या आणि गोऱ्या कातडीत रंगपेशी जवळपास सारख्याच असतात, मेलॅनिन हे रंगद्रव्य कमीजास्त असते, आणि विदर्भाच्या उन्हात तेच मेलॅनिन आपले रक्षण करते. हे तिला आणि तिच्या आईलाही कोणीतरी समजावून सांगायला हवे. शाळांत तपासणीला जाणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके ते करू शकतात. आरोग्य खात्याशी आपण बोलावे.

पार्लरमधल्या बिनलेबलच्या डब्या आणखी घातक. त्यांत पारा असू शकतो आणि तो मूत्रपिंडे निकामी करतो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार नकळत मिसळलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही (डोळ्यांची प्रसाधने वगळून). निरीक्षकांसाठी एक खूण : डबीवर 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' असे लिहिले असेल किंवा घटकांत 'कॅलोमेल' (पाऱ्याचे संयुग) असेल, तर नमुना लगेच ताब्यात घ्यावा. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) जागेवरच प्राथमिक तपासणी होते. नागपूर विभागाला असे एक यंत्र द्या.

केंद्राने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइडच्या मलमांना शेड्यूल एच या औषधयादीखाली आणून डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. कायदा आहे, पण काउंटरवर तो दिसत नाही. म्हणून आमची मुख्य मागणी : औषध दुकानांतील या ट्यूबची खरेदी बिले आणि विक्रीच्या नोंदी दर तिमाहीला ताडून पाहा. आवक शेकड्यांनी आणि चिठ्ठ्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, तिथे परवान्यावर कारवाई करा. लगीनसराईच्या आधीच, ऑक्टोबरात, ही तपासणी सुरू व्हावी.

आपले,
नागपुरातील त्वचारोगतज्ज्ञ आणि औषधविक्रेते