सुट्ट्या सात रुपयांची पोच

काकी,

लघुप्रबंध जमा होऊन बारा दिवस झाले. पेढे घेऊन राजारामपुरीत दोनदा आलो, दोन्ही वेळेला तुमच्या दुकानाचं शटर खाली. (कोल्हापूरबाहेरच्यांना सांगतो: मी मुलगीच आहे. इथं बायकाही 'आलो', 'गेलो' म्हणतात. माझ्या मार्गदर्शकांना तेवढंही खटकायचं.) म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितोय.

तुम्ही टाइप करायला घेतलंत तेव्हा विषय सांगायचीसुद्धा मला लाज वाटत होती. टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' या 1970 च्या कादंबरीतली पिकोला. अमेरिकेतल्या ओहायोतली अकरा वर्षांची काळी पोर, निळे डोळे मिळावेत म्हणून देवाला साकडं घालणारी. कोल्हापुरात बसून तिचं काय करायचंय, असं दोघांनी तोंडावर विचारलं होतं. तिसऱ्यांनी विषय घेतला, पण मसुद्याची वाटणी करून. प्रकरण तीन वंश, प्रकरण चार लिंगभाव, आणि समासात लाल शेरा, 'सरमिसळ नको'. मीही गप गुमान वाटणी केली.

माझ्या तिसऱ्या प्रकरणात पिकोला तीन सेंट घेऊन गोळ्या आणायला जाते. ती समोर उभी असून गोऱ्या दुकानदाराला दिसत नाही, आणि पैसे घेताना तिच्या हाताला हात लागेल म्हणून तो घुटमळतो. चौथ्या प्रकरणात शाळेतली पोरं तिला घेरून चिडवतात, तिच्या काळ्या रंगावरनं, तिच्या बापावरनं. पोरंही काळीच.

इथं तुमची बोटं थांबली. "ही पोरगी दोनदा कशी काय आली गं? दुकानात नुसती काळी, आणि पोरांच्यात नुसती मुलगी, असं व्हय?"

मी उत्तर द्यायचं सोडून आईबद्दल बोलत सुटलो. गावातल्या दुकानात आमच्या घरच्या कुणाला सुट्टे पैसे हातात मिळाले नाहीत. फळीवर टाकायचे, आपण वेचायचे. वडिलांनाही तसंच. पण आई वेचायला वाकली की दुकानदार वर एखादी घाणेरडी कोटी करायचा, बाकड्यावरचे हसायचे. वडिलांच्या कानावर गेलं की ते आईलाच विचारायचे, "तू कशाला गेलतीस?" आता यातलं कुठलं तिसऱ्या प्रकरणात घालायचं आणि कुठलं चौथ्यात?

"मग हे लिही की," तुम्ही म्हणालात. "मी परत टाइप करतो."

तुमचा प्रश्न मला नंतर अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांच्या 1989 च्या लेखात भेटला. अमेरिकेत काही काळ्या बायकांनी एका मोटार कंपनीवर दावा लावला होता. कंपनीत बायका होत्या, पण गोऱ्या. काळे कामगार होते, पण पुरुष. या बायकांना दोन्हींत जागा नाही, आणि दोन्ही तक्रारी एकत्र करता येणार नाहीत, असं 1976 साली कोर्टानं सांगितलं. लाल शेरा तिथंही होता म्हणायचा. काकी, तुम्ही हा लेख वाचलेला नव्हता. ज्यांनी वाचायला हवा होता त्यांच्याबद्दल काय बोलू!

प्रकरणं एकत्र झाली. दुसऱ्यांदा टाइप केलेल्या पानांचे पैसे तुम्ही लावले नाहीत, त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र त्यासाठी नाही. शेवटच्या दिवशी सात रुपये परत यायचे होते. टेबल मोकळं होतं, बरणीचं झाकण होतं, कुठंही ठेवता आले असते. तुम्ही माझा हात ओढून घेतलात, नाणी तळव्यावर ठेवलीत आणि माझी बोटं तुमच्या हातानं मिटवलीत. पिकोलाचं पान तासाभरापूर्वीच छापून निघालं होतं. मुद्दाम केलंत की सवयीनं, मी विचारलं नाही. रस्त्यावर येऊन केएमटी बसच्या थांब्यावर मात्र रडलो.

दलित गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज चहा प्यायले, ती गोष्ट आम्ही दर 26 जूनला शाहू जयंतीच्या भाषणात ऐकतो. भाषण करणाऱ्यांपैकी एकाच्या घरी मला चहा वेगळ्या कपात मिळालाय. तुमच्याकडं कप एकच होता. तुम्ही बशीत ओतून घ्यायचात, कप मला.

पेढे शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं ठेवलेत, तेवढे घ्या. नाणी कंपासपेटीत आहेत, एक पाचाचं, एक दोनाचं. काल बसला सुट्टे नव्हते, कंडक्टर खवळला, तरी काढली नाहीत.

तुमची,
दोन प्रकरणंवाली