खाज कातडीची नव्हती, मंत्रिमहोदय

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

आमचे हे गेले, त्याला उद्या चाळीस दिवस होतील. आमच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा त्वचेचे डॉक्टर बसतील, असा शब्द तुम्ही मागच्या वर्षी दिला होता. खोलीवर पाटी लागली. डॉक्टर एकदाही आले नाहीत.

यांना तीन महिने खाज होती. रात्री वाढायची, तळहात-तळपायांना तर सोसवायची नाही. कंगव्याने पाठ खाजवत बसायचे. बनियनवरच्या रक्ताच्या रेघा मी रोज धूत होते. आधी खरजेचं मलम दिलं, मग नायट्याचं, मग अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. सदरा वर करा, असं कुणीही म्हणालं नाही. म्हणाले असते तर दिसलं असतं. खांद्यांवर, कमरेवर नुसते ओरखडे, आणि पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही, तिथली कातडी स्वच्छ! पुरळ नव्हतंच हो. होते ते खाजवल्याचे वण. आत पित्तनलिका गाठीने बंद होत आली होती, पित्त अडून रक्तात साठत होतं, त्याची ही खाज.

डोळे पिवळे झालेले मलाच दिसले, सकाळी खिडकीपाशी. दिव्याच्या उजेडात ते कळत नाही. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, एरवी तपासणीत १ मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलीटर रक्तात) आसपास असतं, ते २-३ च्या पुढे गेल्यावर डोळ्यांत उतरतं. खाज त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होती.

आता मी येणाऱ्या-जाणाऱ्याची कातडी बघते. मळ समजून पोरांच्या काळ्या, मखमली माना घासतात. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. पापण्यांवरचे पिवळे चट्टे, चमच्यासारखी खोलगट नखं, कुणी विचारत नाही. काळवंडत जाणारी कातडी आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा बिघाड यांचा संबंध थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ मध्येच लिहून ठेवला. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आणि आमच्या वाट्याला अजून मलमाची ट्यूब?

किती रुग्ण तपासले याचे आकडे तुम्ही छापता. कसले तपासले? नाव, वय, तक्रार, चिठ्ठी, पुढचा! माणसाला हात लावायला कुणाला वेळ नाही आणि तो वेळ द्यावा असं तुमच्या खात्यात कुणाला वाटत नाही. पुरळ नसताना दोन आठवड्यांवर खाज राहिली, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्तपेशी तपासा, एवढा एक आदेश काढायला कितीसा खर्च येतो?

मला सांत्वनाचं पत्र पाठवू नका. त्या खोलीत डॉक्टर कधीपासून बसणार, ती तारीख कळवा.

एका रुग्णाची बायको