दोन ग्राफिक्स कार्डांचे वॉटर कूलिंग : आधी उष्णतेचा हिशेब मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

कोल्हापुरात त्रिमितीय चित्रण, इमारतींची रेंडर-चित्रे (संगणकाने तयार केलेली हुबेहूब चित्रे) आणि मशीन लर्निंग यांसारखी कामे करणारे छोटे स्टुडिओ आता राजारामपुरीपासून उपनगरांपर्यंत दिसू लागले आहेत, आणि त्यांतले काही जण एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवून त्यांना वॉटर कूलिंगचा कस्टम लूप, म्हणजे पंप, टाकी, ट्यूब आणि रेडिएटर सुटे घेऊन जोडलेली पाणी फिरवण्याची साखळी, करून घेण्याच्या विचारात असतात. मात्र माझ्या पाहण्यात बहुतेक बोलणी ट्यूबचा रंग, काचेचे कॅबिनेट आणि दिव्यांची रोषणाई यांपासून सुरू होतात. उष्णता किती निघणार आणि ती मे महिन्यात खोलीतून जाणार कोठे, हा प्रश्न सगळे भाग खरेदी झाल्यावर पुढे येतो. हा क्रम उलटा व्हावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

केवळ खेळांसाठी दोन कार्डे घेण्यात आता अर्थ उरलेला नाही, कारण ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2021 पासून एसएलआयसाठी, म्हणजे खेळात दोन कार्डे एकत्र चालवण्याच्या सोयीसाठी, नवी ड्रायव्हर प्रोफाइल देणे थांबवले आहे. रेंडरिंगमध्ये मात्र ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअर दोन्ही कार्डांना काम वाटून देतात आणि वेळ खरोखर वाचतो. अडचण येते ती जागेची. आजची मोठी कार्डे संगणकातील कार्डे बसवण्याचे जवळजवळ तीन स्लॉट व्यापतात. दोन एकमेकांखाली बसवली की वरच्या कार्डाच्या पंख्यांना खालच्या कार्डाची तापलेली हवाच ओढावी लागते. कार्डाचा मूळ हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) काढून त्या जागी पाण्याचा ब्लॉक, म्हणजे आतून पाणी वाहणारा तांब्याचा ठोकळा, बसवला की जाडी कमी होते आणि उष्णता पाण्यावाटे बाहेर नेता येते. इथपर्यंत वॉटर कूलिंगची निवड योग्यच आहे.

आता हिशेब पाहू. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3090 या कार्डाची अधिकृत वीजमर्यादा 350 वॅट आहे, म्हणजे दोन कार्डांचे 700 वॅट झाले. प्रोसेसरचे 150 वॅट धरले तर लूपमध्ये 850 वॅट उष्णता सतत येत राहणार. मध्यम वेगाच्या पंख्यांसह 120 मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर, पाणी खोलीपेक्षा साधारण 10 अंश गरम ठेवून, सुमारे 100 वॅट बाहेर टाकतो, असा ढोबळ ठोकताळा या कामातले लोक वापरतात. त्या मापाने आपल्याला आठ-नऊ पंख्यांचे क्षेत्र, म्हणजे 360 मिलिमीटरचे (प्रत्येकी तीन पंख्यांचे) तीन रेडिएटर लागतात. दुकानात सुचवला जाणारा एक 360 आणि एक 240 चा संच थंड प्रदेशात कदाचित चालून जाईल, पण आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत हवाच 35 अंशांवर असते, तेव्हा तीन रेडिएटर असले तरी पाणी 45 च्या आसपास जाणार हे गृहीत धरूनच आखणी केली पाहिजे. पाणी 60 अंशांकडे सरकू लागले तर पीईटीजी या प्लॅस्टिकच्या कडक ट्यूब मऊ पडून फिटिंगमधून (ट्यूबच्या जोडांमधून) सुटण्याचा धोका असतो आणि पंपाचे आयुष्यही घटते. म्हणून दिवसरात्र रेंडर चालणाऱ्या यंत्रासाठी मी काळ्या ईपीडीएम रबराच्या ट्यूबचाच आग्रह धरीन. त्या देखण्या नसतात, पण उष्णतेला टिकतात.

याच हिशेबाचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही, ती फक्त कार्डावरून उचलून खोलीत आणून सोडते. बंद खोलीत 850 वॅटचा हीटर चालू ठेवण्यासारखेच हे आहे. एक टनाचा एसी साधारण 3,500 वॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला चौथा हिस्सा या एका संगणकापायी खर्च होणार. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी रेडिएटर कॅबिनेटबाहेर, खिडकीजवळ आणि एक्झॉस्ट पंख्याच्या वाटेवर ठेवण्याची योजना पहिल्याच दिवशी करावी. टाकीत बर्फ टाकण्याचा उपाय मात्र कोणीही करू नये; पाणी खोलीपेक्षा थंड झाले की आपल्या पावसाळी दमट हवेत ब्लॉकवर दव धरते आणि ते थेट सर्किट बोर्डावर उतरते.

पाणी आधी कोणत्या कार्डात जावे, यावर नको तितका वाद होतो. मिनिटाला चार लिटर प्रवाह असेल तर 350 वॅटच्या एका कार्डातून बाहेर पडताना पाणी जेमतेम सव्वा अंश तापलेले असते, त्यामुळे क्रमाने फारसे बिघडत नाही. फक्त टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी. दोन कार्डांना समांतर जोड द्यायची असेल तर ब्लॉक एकसारखेच हवेत, नाहीतर पाणी कमी अडथळ्याच्या वाटेने जाते आणि दुसरे कार्ड उपाशी राहते. जुनी कार्डे घेणाऱ्यांनी दोन्हींचा सर्किट बोर्ड एकच आहे का, हे आधी तपासावे, कारण नाव तेच असले तरी प्रत्येक उत्पादकाचा बोर्ड वेगळा असू शकतो आणि मग ब्लॉक बसत नाही. शिवाय 3090 च्या मेमरीच्या निम्म्या चिप कार्डाच्या पाठीमागे आहेत. पाठीच्या पट्टीलाही थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) आणि वारा मिळाला पाहिजे.

पैसे वाचवण्यासाठी मोटारीचा जुना रेडिएटर जोडण्याची कल्पना आपल्या उद्यमी शहरात सहज सुचते. ती धोक्याची आहे. अलीकडच्या गाड्यांचे रेडिएटर बहुतांशी ॲल्युमिनियमचे असतात, आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर ते एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजत जाते व त्याचा गाळ ब्लॉकमधल्या बारीक खाचांत अडकतो. तांबे-पितळेचाच रेडिएटर घ्यावा आणि नळाचे किंवा बोअरचे पाणी न वापरता डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव मिसळून भरावे.

लूप जोडून देणाऱ्या विक्रेत्यांकडून ग्राहकांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : कोणत्या खोलीच्या तापमानाला, पूर्ण भारावर, पाणी किती अंशांवर राहील याचा अंदाज; आणि पाणी भरण्यापूर्वी हवेच्या दाबाने केलेल्या गळती-चाचणीची नोंद. अर्धा बार दाब अर्धा तास टिकतो की नाही हे दाबमापकावर ग्राहकाच्या डोळ्यांसमोर दाखवता येते, आणि त्यानंतर कार्डांना वीज न देता फक्त पंप एक दिवस फिरवून पाहता येतो. एका परिचिताच्या स्टुडिओत ही चाचणी न करताच यंत्र सुपूर्द झाले आणि एका ढिल्या फिटिंगने मदरबोर्ड गेला.

शेवटची विनंती शिवाजी उद्यमनगरातील कारखानदारांना आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. बाबूराव पेंटरांनी ज्या शहरात स्वदेशी कॅमेरा घडवला, तेथे तांब्याच्या ठोकळ्यात अर्ध्या मिलिमीटरच्या खाचा पाडणे आणि पितळेचे फिटिंग वळवणे अवघड नाही. सीएनसी (संगणकाने चालणारी कापकामाची) यंत्रे आणि ती चालवणारे हात दोन्ही आपल्याकडे आहेत. एखाद्या महाविद्यालयाने यंदा विद्यार्थी-प्रकल्प म्हणून 850 वॅटसाठी कॅबिनेटबाहेरचा एक रेडिएटर-संच येथील उन्हाळ्यात चालवून त्याची मापे प्रसिद्ध केली, तर दुकानदार आणि ग्राहक दोघांनाही ठोकताळ्याऐवजी कोल्हापूरचे स्वतःचे आकडे मिळतील.

आपला,
एक अभियंता वाचक, कोल्हापूर