सोबत पंप पाठवतोय

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. काल गॅरेजमध्ये तुझा निळा कोट झटकायला घेतला तर खिशात दम्याचा पंप निघाला. मागच्या काउंटरवर 38 आकडा आहे. म्हणजे अडतीस पफ शिल्लक, आणि पंप इथे न्यू जर्सीत एडिसनला, तू तिकडे कॅलिफोर्नियात बर्बँकला. तुझ्याकडे दुसरा असेल. असेलच. तरी पाठवतोय. नुसता पंप आला तर तू चिडशील म्हणून सोबत पत्र लिहितोय. इन्शुरन्सबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं आईला कबूल केलंय.

त्या रात्री जेवताना मी जे बोललो ते बोलायला नको होतं. "आरशात बघ एकदा, तुला कोण हिरो करणार?" बापाने मुलाला असं म्हणू नये. तू भात टाकून उठलास. आईने ताट झाकून ठेवलं, सकाळी तिनेच टाकून दिलं. जाता जाता तू म्हणालास, मला हिरो व्हायचंच नाहीये बाबा, मला जे. के. सिमन्स व्हायचंय. मी कोण तो म्हणूनसुद्धा विचारलं नाही. तू गेल्यावर आई म्हणाली, अहो, तो नाही का, फार्मर्स कंपनीच्या जाहिरातीतला, टक्कल असलेला.

तो मला चांगला ठाऊक होता, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं. स्पायडर-मॅनमधला तो खेकसणारा संपादक! तुझ्या लहानपणी ती डीव्हीडी इतक्यांदा लागली की तिच्यावर चरे पडले होते. तू पेन्सिल सिगारसारखी तोंडात धरून ताईवर ओरडायचास, "माझे फोटो कुठे आहेत?" ताई रडायला यायची. मुलं स्पायडर-मॅन होतात, जाळी फेकतात, तू मात्र कायम संपादक. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गेले पंधरा दिवस कामावरून आलो की मी याच माणसाच्या मागे आहे. 1955 चा जन्म, डेट्रॉइटजवळचा. वडील संगीत शिकवायचे, पुढे मोंटानाच्या युनिव्हर्सिटीत संगीत विभागाचे प्रमुख झाले. मुलानेही तिथेच 1978 मध्ये संगीताची पदवी घेतली. उन्हाळ्यात बिगफोर्क नावाच्या छोट्या गावात संगीत नाटकं करायची, मग सिएटलची नाटकं, आणि 1983 मध्ये न्यूयॉर्क. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा. ब्रॉडवेवर बऱ्या भूमिका मिळेपर्यंत पस्तिशी उलटली. 1997 मध्ये 'ऑझ' ही तुरुंगाची मालिका आली, त्यात तो इतका भयंकर माणूस झालाय की आई उठून आत गेली. त्याच सुमारास दुसऱ्या एका मालिकेत तो पोलिसांचा शांत, शहाणा मानसोपचारतज्ज्ञ होता. एकाच माणसाने एकाच काळात ही दोन माणसं कशी उभी केली असतील, मला सांगता येणार नाही. संपादक झाला तेव्हा तो सत्तेचाळीसचा होता. जाहिरातीतल्या पिवळ्या एम अँड एम गोळीचा आवाजही त्याचाच, हे तुला माहीत असेलच, मला नव्हतं.

मी कागदावर हिशोब मांडला. न्यूयॉर्कला आला तेव्हा अठ्ठावीस, तुरुंगाची मालिका आली तेव्हा बेचाळीस, म्हणजे चौदा वर्षं. या चौदा वर्षांत त्याला ताप आला असेल, दात दुखला असेल. तेव्हा काय केलं असेल त्याने?

बघ, आलोच मी तिथे. आता आलोय तर सांगूनच टाकतो. वाढदिवशी तुला सव्वीस पूर्ण होतील आणि माझ्या इन्शुरन्सवरून तुझं नाव निघेल. त्यानंतर 60 दिवसांत कव्हर्ड कॅलिफोर्नियाचा, म्हणजे तिथल्या राज्याच्या इन्शुरन्स बाजाराचा, फॉर्म भरायचा. साठ म्हणजे साठ. उत्पन्न फार कमी असेल तर मेडी-कॅल हा सरकारी इन्शुरन्स मिळतो, तो घेण्यात कसलाही कमीपणा नाही. नटांच्या युनियनचा इन्शुरन्स मिळेल या भरवशावर राहू नकोस. 2023 च्या संपात रोज टीव्हीवर सांगायचे, त्यासाठी तेव्हा वर्षाला 26,470 डॉलर कमवावे लागत आणि बहुतेक सभासद तिथपर्यंत पोचतच नाहीत. सभासद, बाबू. म्हणजे ज्यांना काम मिळालंय ते. तू अजून सभासदही नाहीस. आणि ज्या कामात कपडे, केस, चेहरा सगळं सांभाळावं लागतं तिथे माणूस आधी औषधात काटकसर करतो, मी पाहिलीत अशी माणसं, रोजचा पंप दिवसाआड घेतात, आणि मग

माफ कर. आईने मागे उभं राहून वाचलं आणि काही न बोलता गेली.

दुसरीतली ती रात्र तुला आठवत नसेल. बाहेर बर्फ, तू बसूनच श्वास घेत होतास, आडवा होईनास. इमर्जन्सीत चार तास वाफ दिली. पहाटे तू माझ्या मांडीवर झोपलास तेव्हा तुझ्या छातीतला आवाज जुन्या पेटीच्या भात्यासारखा येत होता. महिन्याभराने बिल आलं. वर अकरा हजारांचा आकडा आणि तळाला, आम्ही भरायचे, दीडशे. मी तो कागद अजून ठेवलाय. ती नोकरी मला आवडत नव्हती हे तुला मी कधी सांगितलं नाही. त्या कागदासाठी ती एकोणीस वर्षं केली.

त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत तू भालदार झाला होतास. वाक्य एकही नाही. हातात पुठ्ठ्याचा भाला, कागदी मिशी, आणि दरबार संपेपर्यंत उभं राहायचं. बाकीची मुलं आईबापांना हात करत होती, एक तर खाली बसला. तू हलला नाहीस. आरतीचा धूर मागून स्टेजवर येत होता. मी पुढच्याच रांगेत होतो. तुझ्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जाताना मला दिसत होता. उठून तुला खाली आणावं म्हणून मी अर्धा उभा राहिलो. तू माझ्याकडे बघितलंस, फक्त डोळे हलवलेस आणि परत समोर बघायला लागलास. मी बसलो. पडदा पडला तेव्हा धावत आत आलो तर तू आधी भाला नीट भिंतीला टेकवलास आणि मग पंपासाठी हात पुढे केलास. राजा कोण झाला होता ते आता कोणालाच आठवत नाही. पुढे कितीतरी वर्षं बायका आईला विचारायच्या, तुमचा भालदार काय म्हणतो?

हे मी तुला त्या रात्री जेवताना सांगायला हवं होतं.

परवा आम्ही त्याचा व्हिप्लॅश हा सिनेमा बघितला. आधी त्याची अठरा मिनिटांची छोटी फिल्म केली होती, त्यातही तोच होता. मोठा सिनेमा एकोणीस दिवसांत संपवला म्हणे. संगीत शिक्षकाचा मुलगा, स्वतः संगीत शिकलेला, आणि साठाव्या वर्षी ऑस्कर मिळाला तो मुलांना छळणाऱ्या संगीत शिक्षकाच्या भूमिकेसाठी. वडिलांकडून जे मिळालं ते कुठे वाया गेलं नाही त्याचं. तो खुर्ची फेकतो तिथे आईने माझा हात धरला. मला मात्र तू ताईवर ओरडायचास तेच आठवत राहिलं.

ऑस्कर घेताना तो काय बोलला ते तुला पाठ असेल. आईवडील हयात असतील तर त्यांना फोन करा; मेसेज नको, ईमेल नको, फोन; आणि ते बोलतील तोवर ऐका. आईने ते तीनदा लावून बघितलं. रविवारी कर. तुझे सकाळचे दहा म्हणजे इथे एक, जेवणं व्हायची असतात. मी फोनवर फार बोलणार नाही. तू बरा आहेस ना एवढंच विचारेन.

अजून एक. तू आजोबांचं नाव अर्धं कापून वापरायला लागलास तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. आता वाचलं की युनियनमध्ये आधीच एक जोनाथन सिमन्स होता म्हणून याला जे. के. व्हावं लागलं. तुझंही असंच काही कारण असेल. मी विचारलं नाही. रविवारी सांग.

आईने मेतकूट आणि लसणाची चटणी वेगळ्या डब्यात दिली आहे. गादीखाली कार्पेट असेल तर आठवड्याला व्हॅक्यूम कर, धूळ तुला सोसत नाही. फॉर्मचं काय झालं ते कळव.

तुझा,
बाबा

ता. क. पंप चालतो का ते बघायला मी एकदा हवेत दाबला. तुला काउंटरवर 37 दिसतील.