दशांशचिन्हापुढचे आकडे जपणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

तुमच्या शाळेतून अकरावी सायन्सला येणाऱ्या मुलांना सूर्याबद्दल विचारलं, की ती आधी कागद मागतात. बाकीची मुलं एका दमात म्हणून दाखवतात, 'हायड्रोजनच्या चार अणूंपासून हेलियमचा एक अणू होतो आणि ऊर्जा बाहेर पडते.' कुठून बाहेर पडते, असं विचारलं की वर्ग गप्प. दोष त्यांचा नाही. गाईडात आणि क्लासच्या नोट्समध्ये हायड्रोजनपुढे १ आणि हेलियमपुढे ४ छापलेलं असतं. चार एके चार, बाकी शून्य, आणि सूर्याला तापायला काही उरतच नाही! अणुवस्तुमानांक ही केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची मोजदाद आहे, अणूचं प्रत्यक्ष वस्तुमान नव्हे, एवढं सांगायला तिथे कुणाला सवड झाली नाही, याचा फार राग येतो.

तुम्ही काय केलंत ते मुलांनीच सांगितलं. एकाने फळ्यावर १ लिहिला. तुम्ही तो पुसला नाहीत. मधोमध उभी रेघ मारलीत, खडू त्याच्याच हातात ठेवलात आणि डावीकडे त्याचा हिशेब त्याला पुरा करू दिलात. ४ वजा ४, शून्य. मग उजवीकडे हायड्रोजन अणूचं प्रत्यक्ष वस्तुमान (अणुवस्तुमानाच्या एककात) १.००७८३ गुणिले ४, म्हणजे ४.०३१३२, त्यातून हेलियमचे ४.००२६० वजा, उरले ०.०२८७२. आणि विचारलंत, 'आता सांग, कुठल्या बाजूला ऊन पडेल?'

बाई, त्या प्रश्नासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. पण त्याहून जास्त, तो १ न पुसल्याबद्दल. चुकलेल्या मुलाला चार लोकांत खाली बसवणं फार सोपं असतं. त्याचा हिशेब शेवटपर्यंत जाऊ द्यायचा आणि तो कुठे अडतो ते त्याचं त्यालाच दिसू द्यायचं, हा माणुसकीचा भाग आहे. ती कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. अशी माणसं शाळांतून आहेत म्हणून पुढे आमचं काम होतं.

तो फरक मूळ वस्तुमानाच्या जेमतेम ०.७ टक्के. पण १ ग्रॅम हायड्रोजनमागे ७.१ मिलिग्रॅम वस्तुमान कमी होतं, आणि त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणलं की पावणेदोन लाख युनिट विजेइतकी ऊर्जा मिळते. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला ती शंभर वर्षांच्या आसपास पुरेल. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जा होऊन जातं. केंब्रिजच्या फ्रान्सिस ॲस्टनच्या मोजमापांतून हीच तूट पुढे आली आणि १९२० साली आर्थर एडिंग्टन यांनी तिच्यावर बोट ठेवून सूर्याच्या उष्णतेचा उगम सुचवला. त्याआधी लॉर्ड केल्विन सूर्याच्या आकुंचनावरून हिशेब करत होते आणि त्यांना सूर्याचं वय काही कोटी वर्षांच्या पुढे नेता येत नव्हतं.

तुमच्या पायावर आम्हाला पुढचं बांधता येतं. गाभ्यात दीड कोटी अंशांच्या आसपास तापमान असतं. तिथे इलेक्ट्रॉन अणूंना धरून राहत नाहीत, म्हणजे 'चार अणू' असे नसतातच. असतात ती उघडी केंद्रकं, अणूच्या लाखाव्या भागाएवढ्या रुंदीची. चारही एकदम धडकत नाहीत. आधी दोन प्रोटॉन जवळ येतात. सारख्या प्रभारामुळे ते एकमेकांना ढकलतात, आणि एवढ्या तापमानालाही ती भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. क्वांटम टनेलिंगमुळे, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही भिंतीपलीकडे जाण्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या गुणामुळे, क्वचित एखादी जोडी पार होते. त्यातही एका प्रोटॉनचा त्याच क्षणी न्यूट्रॉन व्हावा लागतो, तेव्हा ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी, बनतो. एका प्रोटॉनला यासाठी सरासरी अब्जावधी वर्षं वाट पाहावी लागते. पुढचा प्रोटॉन मात्र काही सेकंदांत येऊन चिकटतो आणि हेलियम-३ होतं. अशी दोन भेटली की हेलियम-४ तयार होतं आणि दोन प्रोटॉन परत मिळतात. पहिली पायरी एवढी अवघड आहे, म्हणून सूर्य बॉम्बसारखा एकदम फुटत नाही.

मुलं एका जागी अजून अडखळतात. हायड्रोजनच्या पूर्ण अणूचं वस्तुमान घेतात आणि हेलियमच्या नुसत्या केंद्रकाचं, ४.००१५१. मग तूट जवळजवळ ४ टक्क्यांनी फुगते. दोन्हीकडे पूर्ण अणू घेतले की हिशेब जुळतो, कारण चार हायड्रोजनचे चार इलेक्ट्रॉन आणि हेलियमचे दोन. उरलेले दोन, पहिल्या पायरीत प्रोटॉनचा न्यूट्रॉन होताना निघालेल्या पॉझिट्रॉनबरोबर (इलेक्ट्रॉनच्याच वस्तुमानाचा, धन प्रभाराचा कण) नष्ट होतात आणि त्यांची ऊर्जाही या तुटीतच धरलेली असते. तुमच्या उजव्या रकान्यात तेवढी एक ओळ वाढवता आली तर बघा.

आणि न्यूट्रिनोचा, म्हणजे याच प्रक्रियेत निघून सूर्यातून जवळजवळ न अडता बाहेर पडणाऱ्या कणांचा, वाटा वजा करायचा का, असं तुमच्या दोघी विद्यार्थिनींनी यंदा विचारलं. सूर्याच्या उजेडाचा हिशेब असेल तर करायचा: एका हेलियममागे सुटणाऱ्या २६.७ एमईव्हीपैकी (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) साधारण २ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. तुमच्या वर्गात कुणी विचारलं तर हाच आकडा सांगा.

आपली,
अकरावी-बारावीची एक फिजिक्स शिक्षिका