पाच नंबरची सीट

प्रिय नंदे,

तब्येत ठीक, गुडघा होता तसाच, साखर बॉर्डरवर, संपलं. आता मुद्दा. हे इथे कोणाला सांगून उपयोग नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला मग सोड ना रोइंग क्लब, पहाटे पाचचा अलार्म तरी बंद होईल. लेकीने ऐकून घेतलं आणि मला कुठल्यातरी पॉडकास्टची लिंक पाठवली. म्हणून तुला लिहितेय, आणि फोन न करता लिहितेय कारण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

आजीला बोटीतून काढायचंय. आणि ते तिला सांगायचंय मी, कारण यंदा आमच्या एटची, म्हणजे आठ जणींच्या बोटीची, कॅप्टन मी आहे. कॅप्टन म्हणजे काय तर ईमेल पाठवायचे, कोण येणार कोण नाही ते विचारायचं आणि असली घाणेरडी कामं करायची. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की बाकी सगळ्याजणींना अचानक ऑफिसला उशीर होतो.

आजी म्हणजे आमच्या बोटीतली तीच, जिचा जळका बनाना ब्रेड तू तोंडदेखलं कौतुक करत तीन स्लाइस खाल्लास आणि मग माझ्या बाथरूममध्ये इनो शोधत होतीस. आता ७१ची आहे. झालं असं की यंदा हेड ऑफ द चार्ल्सच्या, म्हणजे इथल्या चार्ल्स नदीवरच्या मोठ्या रेसच्या, लॉटरीत आमचं नाव लागलं, सरासरी वय ५०च्या वर असलेल्या बायकांच्या एटमध्ये, आणि नाव लागल्यापासून बोटीतल्या बायकांचं वागणंच बदललं. एरवी ज्या स्ट्रेचिंग करता करता नातवंडांचे फोटो दाखवायच्या त्या आता स्प्लिट, म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ, विचारतात. एक नवी मुलगी आली आहे (४६ची आहे, पण आमच्यात मुलगीच), कॉलेजात रोइंग केलेली, उंच, स्टारबोर्ड, म्हणजे आजीसारखीच बोटीच्या उजव्या बाजूचं वल्हं मारणारी. बघताक्षणीच सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि कोणीच काही बोललं नाही.

मग कोचने सीट रेसिंग लावलं, म्हणजे दोघींची अदलाबदल करून कोणाची बोट पुढे जाते ते बघायचं. दोन फोर (चौघींच्या बोटी) शेजारी शेजारी, तीन-तीन मिनिटांचे पीस, स्ट्रोक रेट बांधलेला. पहिल्या पीसला आजीची बोट अर्धी लेंग्थ मागे. सीट बदलली, नवी मुलगी इकडे, आजी तिकडे, आणि हीच बोट तीन सीटच्या अंतराने पुढे. वारा नव्हता गं. तू आता म्हणशील वारा होता, तुझ्या आयुष्यातल्या प्रत्येक हरलेल्या रेसला वारा होता, पण त्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. आजी बोट लावताना म्हणाली, "वेल, दॅट वॉज क्लिअर," आणि नळी घेऊन बोट धुवायला लागली. म्हणजे तिला कळलंय. कळलंय असं मला वाटतं. पण ती परवा मला म्हणाली की रेसच्या आदल्या दिवशी रिगिंग, म्हणजे वल्ह्यांच्या आधारांची मापं, आपण दोघी मिळून चेक करू, म्हणजे कदाचित नाही कळलेलं, की कळून मला सोपं करून द्यायचं नाहीये, काय ते समजत नाही आणि त्यावरून माझी झोप उडाली आहे.

मला तर ते सीट रेसिंगच्या आधीपासून दिसत होतं. मी तीनला बसते, ती पाचला, म्हणजे माझं काम तिचं वल्हं बघून आपलं टाकायचं. गेल्या वर्षीपर्यंत मी डोळे मिटूनही टाकलं असतं. आता ती पुढे येते, हात जातात, पाठ जाते, सगळं बरोबर, आणि मग शेवटी ब्लेड पाण्यात जायच्या आधी एक इवलासा थांबा येतो. सातचं ब्लेड बुडलेलं असतं आणि हिचं अजून वर. मी कोणाबरोबर टाकू? बरेच दिवस मी तिच्याबरोबर टाकत होते, म्हणजे आम्ही दोघी मिळून उशिरा. कोच माझ्यावरच ओरडला, "थ्री, यू आर लेट," आणि मी गप्प बसले. एकदा मात्र मी सातबरोबर टाकलं आणि बोट पटकन हलकी झाली, तेव्हा मला जो आनंद झाला ना नंदे, त्याचीच मला जास्त लाज वाटते.

रेसच्या वाटेवरच्या वीक्स ब्रिजचं तर तू स्वतः बघितलंयस. पुलावर उभी राहून जय भवानी ओरडत होतीस आणि शेजारचे गोरे लोक तुझ्यापासून लांब सरकत होते. तिथे नदी डावीकडे जवळजवळ काटकोनात वळते, कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारी, ओरडते स्टारबोर्ड प्रेशर, आणि आम्ही चौघींनी जीव काढायचा असतो. त्या वर्षी आम्ही वाइड गेलो, मागची बोट आतून घुसली आणि तू नंतर मला पिझ्झा खाताना म्हणालीस की तुमची पाच नंबर दमली होती. मी तुझ्यावर केवढी चिडले होते. ४.८ किलोमीटर, तेही प्रवाहाच्या विरुद्ध, आणि बोटी साधारण १५-१५ सेकंदांनी सोडतात, त्यामुळे कोण कोणाला गाठतंय ते पुलापुलावर उभ्या असलेल्या सगळ्या बॉस्टनला दिसतं. वीक्सनंतर अँडरसन पूल, मग पुढे एलियट पुलाचं ते न संपणारं वळण, तेही डावीकडेच. स्टारबोर्डवाल्यांची सुटका नाही.

आता गंमत ऐक. उन्हाळ्यातल्या मास्टर्सच्या रेसला सरासरी वयावर गट ठरतो, ५०ला डी, ५५ला ई, आणि वयाप्रमाणे सेकंद वजा मिळतात. आजी बसली की आमची सरासरी ५६, ती उठली आणि ही नवी बसली की ५३. म्हणजे कित्येक वर्षं आजीने नुसतं बोटीत बसून आम्हाला सेकंद मिळवून दिलेत. एका रेसला आम्ही त्या सेकंदांवरच मेडल घेतलं, आणि त्या मेडलचा फोटो सगळ्यांच्या फेसबुकवर आहे. तेव्हा कोणाला ती स्लो वाटली नाही.

आणि ज्या बोटीतून तिला काढायचं ती बोट तिनेच उभी केली आहे. ऑगस्टमध्ये पहाटेच्या अंधारात आम्ही एका तरंगत्या ओंडक्यावर गेलो, बोटीच्या पुढच्या टोकाजवळ तळाला तळहाताएवढी चीर. बाहेर दुरुस्तीला द्यायची तर सीझन गेला असता. आजीने बोट स्लिंगवर (पट्ट्यांच्या घोड्यांवर) उलटी टाकली, चिरेभोवती पेन्सिलने गोल काढला आणि दोन दिवस पंखा लावून नुसती वाळवली. मी म्हटलं भरून टाकू ना, तर म्हणाली आत पाणी ठेवून वरून बंद केलंस तर ते थंडीत गोठून स्वतःची वाट स्वतः काढेल. मग घासणं. चिरेच्या चारी बाजूंनी उतार करत करत आतलं कापड दिसेपर्यंत घासायचं, मग फायबरचे तुकडे, मोठ्यावर लहान, इपॉक्सी. मी सगळी इपॉक्सी एकदम कालवायला निघाले होते, तिने अर्धी काढून ठेवायला लावली, तरी उरलेल्याचा कप हातात तापायला लागला. वरून प्लॅस्टिकची फिल्म ताणून बसवली, दुसऱ्या दिवशी भराव, जेलकोट, मग ४००च्या पेपरने पाणी मारत घासणं, मग ८००. मी बोटांनी दाबून घासत होते तर तिने पेपर काढून घेतला, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून परत दिला, म्हणे बोटांनी घासलं की खळगे पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण पाण्याला दिसतात. आणि मग डोळे मिटून, बोटं उलटी करून, बोटांच्या मागच्या बाजूने तिने तो सगळा भाग चाचपला. परत घास म्हणाली. परत चाचपला. परत घास.

आपण कॉलेजच्या बोट क्लबात काय करायचो आठव. एम-सील. पाण्यात बोट घालून कुठून बुडबुडे येतात बघायचं आणि मळून चोपडायचं, वर मामांच्या शिव्या. मी तिला एम-सीलचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. जलपर्णीचं सांगितलं ते तिला खरंच वाटत नाही, की कॉलेजच्या रेगाटाच्या, म्हणजे नदीवरच्या बोटींच्या जलशाच्या, आधी पोरंपोरी नदीत उतरून हाताने ती काढतात आणि संध्याकाळी अंगाचा वास वसतिगृहाच्या जिन्यात पहिल्या मजल्यापर्यंत आपल्या आधी पोचतो. रेगाटातल्या मशाल डान्सचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाली तुमच्याकडे इन्शुरन्स नसतो का.

रिगिंगही तिनेच शिकवलं मला. इथल्या जुन्या बोटींना ७/१६चा पाना लागतो, माझ्याकडे आयुष्यभर दहाचा. पिच चार डिग्री, स्प्रेड ८४ सेंटिमीटर, उंची प्रत्येकीच्या बुडाप्रमाणे वॉशर घालून किंवा काढून. माझे वॉशर तिने मला न विचारता काढले होते एकदा, माझी पाठ दुखायची थांबली तेव्हा मला कळलं.

आणि ती उगाच आलेली नाही गं या खेळात. ती कॉलेजात असताना बायकांना बोटहाउसमध्ये शॉवर नसायचे, भिजलेल्या कपड्यांत बसमध्ये कुडकुडत पुरुषांचं आवरायची वाट बघायची. १९७६ला येलच्या १९ मुली ह्याच कारणासाठी ऑफिसात गेल्या, कपडे उतरवले, अंगावर 'टायटल नाइन' लिहिलेलं, म्हणजे शिक्षणसंस्थांत बायकांना समान वागणूक द्यायचा इथला कायदा. आजी वेगळ्या कॉलेजची, पण ती बातमी आली त्या दिवशी त्यांच्या होस्टेलवर काय झालं ते ती अजून उभं राहून सांगते. त्याच वर्षी मॉन्ट्रिऑलला बायकांचं रोइंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेही १००० मीटरच. बायकांना २००० झेपतं हे ऑलिंपिकवाल्यांना १९८८ला पटलं. आणि आता मी, पुण्याहून आलेली, जिला हे सगळं आयतं मिळालं, तिला सांगणार की तू उठ.

तू म्हणशील कम्युनिटी क्लब आहे, हौशी बायका आहेत, २४व्या आल्या काय आणि ३१व्या आल्या काय, कोणाला फरक पडतो. माझी निम्मी बोट हेच म्हणते, फक्त कोचसमोर म्हणत नाही. पण मला फरक पडतो. हे मी कोणाला बोलले नाहीये. मला ती हलकी झालेली बोट परत हवी आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने असं काही हवंय म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही, देवळात जावं, गुडघ्याला तेल लावावं. पण पहाटे पाचला थंडीत नदीवर जायचं ते बनाना ब्रेडसाठी नाही ना जात.

मी स्वतः उठते असंही मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. कोच म्हणाला तूही स्टारबोर्ड आहेस, हवं तर तुझीही सीट रेस घेऊ. घेतली. मी वाचले, जेमतेम एका सीटने. वाचल्यावर सतीचं वाण घ्यायचा विचार बघता बघता गेला. माणूस असाच असतो की मीच अशी आहे?

आणि आता खरा प्रश्न, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. चंदीगडच्या वेळची लिस्ट. सुखना तलावावरच्या रेसला जाणारी फोर, कॅन्टीनशेजारच्या बोर्डावर लावलेली, आणि दोन नंबरला माझ्याऐवजी त्या मेकॅनिकलच्या बांबूचं नाव. तू कॅप्टन होतीस. आदल्या रात्री आपण एका ताटात जेवलो होतो आणि तू एक अक्षर बोलली नाहीस. मी तीन महिने तुझ्याशी बोलले नाही, तू पमीतर्फे निरोप पाठवायचीस. नंतर इतकी वर्षं तू सांगत आलीस की लिस्ट सरांनी केली. (आणि तिच्यासकट तुम्ही शेवटून दुसऱ्या आलात, ते मी आजही विसरलेले नाही, आणि हो, वारा होता.) मला आता त्याचा राग नाही. मला फक्त माहिती हवी आहे. लिस्ट तू केली होतीस का? केली असशील तर मला तोंडावर का नाही सांगितलंस, घाबरलीस, की तुला वाटलं बोर्डावर वाचणं मला सोपं जाईल? कारण ते सोपं गेलं नाही. मागे चार पोरं उभी होती आणि मी लिस्ट परत वरून वाचायला लागले, जसं काही दुसऱ्यांदा माझं नाव येईल.

इथे सगळ्या म्हणतायत ईमेल कर, छान शब्दांत, थँक यू फॉर एव्हरीथिंग, आणि तिला लाँचमध्ये, म्हणजे मोटरबोटीत, कोचबरोबर बसव, रेसला 'टीम मदर' कर. ७१ वर्षांच्या रोअरला टीम मदर! माझ्याकडून तो शब्द तिच्यासमोर निघायचा नाही. मी शनिवारी प्रॅक्टिसनंतर तिला थांबवून सांगणार आहे. सीट रेसचा निकाल हा, म्हणून पाचला ती, हेडला तू नाहीस. एवढंच. सॉरी म्हणायचं की नाही ते ठरलेलं नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर डबल (दोघींची बोट) काढीन, हे आधी सांगायचं की नंतर? आधी सांगितलं तर लाच वाटेल.

बाकी तुझं काय? रिडेव्हलपमेंटवाला बिल्डर परत पळाला का? सासूबाईंचा मोतीबिंदू झाला असेल. ओंकारला पुण्यात होस्टेल मिळालं का, नसेल तर माझ्या भावाकडे खोली आहे, संकोच करू नकोस. गंगापूर धरणावर रविवारी पोरं येतात का अजून? २०१६ला तुमच्या नाशिककडचा रोअर दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये १३वा आला तेव्हा तू मला झोपेतून उठवून किंचाळली होतीस की आता नाशिकला रांग लागेल. लागली का?

फोन केलास तर तुझ्या संध्याकाळी साडेपाचला कर, इथे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि मी घरी आलेली असते. शुक्रवारच्या आत. आणि आधी लिस्टचं सांगायचं, मग बाकीचं.

तुझी
शकी

ता. क. पमीला यातलं काही सांगू नकोस, ती ग्रुपवर टाकेल आणि मग त्या मेकॅनिकलच्या बांबूचा मला हार्टवाला इमोजी येईल.